शोक आणि कविता

घरातील माणूस गेले म्हणजे समाचारास पुष्कळ मंडळी येतात. पण काय बोलावे हे कोणासच सुचत नाही. 'धीर धरा' एवढे म्हणून आपण उठतो आणि घरच्यांचे दुःख त्यांच्यापाशीच राहते. अशा वेळी साध्या बोलण्यास जे साधत नाही ते कवितेस कसे साधते, हे आम्ही येथे थोडक्यात सांगू इच्छितो.

सौंसरहून नागपूरकडे जाताना सावनेर लागते. तेथेच २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी ऐन तारुण्यात निवर्तले. 'गोविंदाग्रज' या नावाने लिहिलेली त्यांची 'राजहंस माझा निजला' ही कविता प्रसिद्ध आहे. आईच्या मांडीवरचे मूल गेले आहे. कोणी ते उचलू लागताच ती घाबरते. बाळ आत्ताच झोपले आहे, त्याला जागे करू नका, असे विनविते. तिला जे पटत नाही ते ऐकणाऱ्यास ठाऊक असते, म्हणून त्याचे डोळे भरून येतात. कवी येथे शोकाचे वर्णन करीत बसत नाही. तो आपणास त्या माउलीजवळ नेऊन बसवितो.

दुसरी रीत आपल्या संतांची. इ. स. १२९६ मध्ये आळंदीस श्रीज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. त्या प्रसंगाचे अभंग नामदेवांच्या नावे आहेत. त्यांत गुरू व वडील बंधू असलेल्या निवृत्तिनाथांचाही धीर सुटतो. तळ्याचा बांध फुटावा व पाणी वाट मिळेल तिकडे धावावे, असा दाखला तेथे येतो. शेतकऱ्यास तो समजावून सांगावा लागत नाही. शिवाय अभंग एकट्याने म्हणावयाचा नसतो. टाळांच्या साथीने दहाजण म्हणू लागले म्हणजे एकाचे दुःख दहांचे होते. ज्ञानी पुरुषही रडले हे ऐकून, आपल्या रडण्याची लाज वाटेनाशी होते.

कविता गेलेल्यास परत आणीत नाही, हे खरे. पण कोंडलेल्या दुःखास ती वाट करून देते. म्हणून पांढुर्णा व सौंसर येथील आमच्या सभासद कुटुंबांस एकच विनंती आहे. शोकाच्या घरी उपदेश थोडा करावा, भजनास बसावे. घरातील कोणी गेलेल्याच्या आठवणीने चार ओळी लिहिल्या, तर त्यांतील वृत्त-यमक तपासू नये. त्या शांतपणे ऐकाव्यात आणि जपून ठेवाव्यात.