‘सवय झाली का?’ हा प्रश्न विचारायचा कसा

माझ्या पहिल्या प्रश्नावलीत सतरावा प्रश्न असा होता: ‘आपण दिवसातून सरासरी किती तास विग घालता?’ खाली चार पर्याय दिले होते. जितके तास जास्त, तितकी विगची सवय जास्त, असं मी गृहीत धरलं होतं. गाइडनी त्यावर काही शेरा मारला नाही, म्हणून मी खूश होते. मग ती प्रश्नावली मी लालबागच्या मावशीला वाचायला दिली. तिची केमोथेरपी तेव्हा परळला चालू होती. तिने सतराव्या प्रश्नाशी पेन टेकवलं आणि म्हणाली, “कुठे असताना, ते नाही विचारलंस?”

तुम्ही रिसर्चच्या तयारीत असाल, तर ‘ऑपरेशनल डेफिनिशन’ हा शब्द पाठ असेलच. म्हणजे डोळ्यांना न दिसणारी गोष्ट मोजायची, तर ती कशावरून ओळखायची हे आधी ठरवणं. ‘सवय’ दिसत नाही, तास दिसतात, म्हणून मी तास धरले. इथे माझी काय चूक झाली, ते सांगते.

आधी थोडं शरीराबद्दल, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्या डोक्यावरचे साधारण 85 ते 90 टक्के केस कुठल्याही क्षणी वाढीच्या अवस्थेत असतात. त्यांच्या मुळाशी असलेल्या पेशी फार वेगाने विभागतात. केमोची अनेक औषधं वेगाने विभागणाऱ्या पेशींवरच हल्ला करतात. कॅन्सरची पेशी कुठली आणि केसाची कुठली, हा भेद ती करत नाहीत. सगळ्याच औषधांनी केस जातात असं नाही, पण डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल यांसारख्या औषधांनी बहुतेकदा जातात. पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत उशीवर, कंगव्यात, मोरीच्या जाळीत केस दिसू लागतात. उपचार संपल्यावर ते परत येतात, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या हिशेबाने. म्हणजे ही सवय मुळातच तात्पुरती. लागते न लागते तोच मोडायची वेळ येते. त्यामुळे तुम्ही कोणत्या महिन्यात प्रश्न विचारता, यावरच उत्तर निम्मं ठरून जातं. माझ्या प्रश्नावलीत ‘उपचाराचा कितवा आठवडा’ हा रकानाच नव्हता!

आता मोजण्याकडे येऊ. कॅन्सरच्या औषधांचे दुष्परिणाम नोंदवायला जगभर सीटीसीएई नावाची एक श्रेणी-यादी वापरतात. ती अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची आहे. केस गळण्याला त्यात फक्त दोन श्रेणी आहेत. पहिली: निम्म्यापेक्षा कमी केस गेले, लांबून कळत नाही, भांग बदलून भागतं, विग लागत नाही. दुसरी: निम्मे किंवा अधिक गेले, लोकांच्या सहज लक्षात येतं, आणि पूर्ण लपवायचं असेल तर विग लागतो. नीट वाचा. इथे विग हा उपाय तर आहेच, पण मोजपट्टीवरची खूणही तोच आहे. वैद्यकीय श्रेणीच्या व्याख्येत ‘लोकांच्या लक्षात येणं’ आणि ‘लपवायची इच्छा’ शिरली आहे. मला यात दोष दिसत नाही, उलट हा प्रामाणिकपणा वाटतो. पण ‘लोक’ म्हणजे कोण, हे श्रेणी सांगत नाही.

डोकं थंड ठेवून केस वाचवता येतात का, यावरचे प्रयोगही पाहा. केमो चालू असताना गार टोपी घातली की टाळूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि मुळांपर्यंत औषध कमी पोहोचतं. 2017 साली ‘जामा’मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवरची एक अमेरिकन चाचणी प्रसिद्ध झाली. टोपीच्या गटात सुमारे निम्म्या जणींचे केस टिकले, दुसऱ्या गटात एकीचेही नाही. आपल्या परळच्या टाटा मेमोरियलमध्येही अशी चाचणी झाली आणि 2020 साली ती ‘द ब्रेस्ट’ या नियतकालिकात आली. तिथेही चित्र साधारण तसंच दिसलं. मला मात्र ‘जामा’मधल्या चाचणीतली वेगळीच ओळ खटकली. केस टिकण्यात एवढा फरक, पण जीवनमानाच्या प्रश्नावल्यांवर दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही. यातून ‘केस गेल्याने काही बिघडत नाही’ असा निष्कर्ष कुणी काढेल. मी काढणार नाही. कदाचित त्या प्रश्नावल्या चुकीच्या जागी कान लावून बसल्या असतील.

मावशीचा कान बरोबर जागी होता. ती चाळीत राहते. गॅलरी सगळ्यांची, दारं दिवसभर उघडी. तिला काय झालंय हे पहिल्या आठवड्यातच मजल्याला कळलं होतं. तिथे विग घालून लपवणार काय? घरात ती सुती रुमाल बांधायची. शिवाय तिचा विग कृत्रिम धाग्याचा, त्याला उष्णता चालत नाही. कढईची वाफ लागली तरी पुढच्या बटा आखडतात, म्हणून स्वयंपाकाला तो वर्ज्यच. पण दादरच्या ज्या पतपेढीत ती काम करते, तिथे कुणालाच काही माहीत नव्हतं. तिथे रोज विग. निघताना जिन्याच्या वळणावर थांबून चाचपायचा, बसमध्ये खिडकीशी बसायचं नाही, मे महिन्यात आतली सुती टोपी दुपारपर्यंत ओली व्हायची तरी हात वर न्यायचा नाही. परत आल्यावर त्याच वळणावर विग काढून पिशवीत. आठ-नऊ तास! माझ्या प्रश्नावलीने तिला ‘उत्तम सवय’ या रकान्यात टाकलं असतं. तिच्या शब्दांत मात्र ते ‘आठ तास परीक्षा’ होतं.

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाचं 1963 चं ‘स्टिग्मा’ हे पुस्तक इथे उपयोगी पडतं. ज्याचं वेगळेपण समोरच्याला आधीच दिसतंय तो एक, आणि ज्याचं अजून दिसलेलं नाही पण कधीही उघड होऊ शकतं तो दुसरा, असा भेद तो करतो. पहिल्याला समोरच्याचा अवघडलेपणा सांभाळावा लागतो, दुसऱ्याला माहिती सांभाळावी लागते. मावशी रोज एका जिन्यावर पहिलीची दुसरी व्हायची आणि संध्याकाळी पुन्हा पहिली.

पण गॉफमनपाशी सगळी उत्तरं नाहीत. बाहेरच्या स्केलमध्ये केसांबद्दलचे प्रश्न बहुतेक ‘मी आकर्षक दिसते का’ याभोवती फिरतात. मी त्याचं मराठी भाषांतर केलं, तर मावशी म्हणाली, “छान दिसायचं वय गेलं गं. पण तुझे काका समोर बसलेत आणि मी बोडकी?” हा शब्द भाषांतरात कुठून येणार? केशवपनाची प्रथा गेली, तो शब्द राहिला. ज्या गिरणगावात मावशी राहते, तिथल्या कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1890 साली मुंबईत न्हाव्यांची सभा भरवली होती आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असं तिथे ठरलं होतं. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. तरी गावाहून भेटायला आलेली म्हातारी रुमालाकडे बघून पदर तोंडाला लावते. त्या दिवशी मावशीने घरातही विग घातला, गणपतीतही घातला. या तासांचा अर्थ पतपेढीतल्या तासांहून वेगळा आहे, आणि सरासरी काढली की दोन्ही अर्थ पुसले जातात.

म्हणून सतरावा प्रश्न मी खोडला. आता मी विचारते: “काल सकाळपासून कुठे कुठे गेलात? तिथे डोक्यावर काय होतं? कोण कोण होतं?” उत्तराला वीस मिनिटं लागतात आणि कोडिंग करताना जीव जातो. आणखी एक. हा प्रश्न घरच्यांसमोर विचारू नका. चाळीत एकांत मिळत नाही, म्हणून वेळ आणि जागा समोरच्या बाईला ठरवू द्या. विग काढून दाखवा असं तर कधीच म्हणू नका. दाखवायचा असेल तर त्या स्वतः दाखवतात.

मावशीने स्वतःहून दाखवला. उलट्या ठेवलेल्या स्टीलच्या डब्यावर तो वाळत होता, पंख्याखाली, उन्हात नाही. गार पाण्यात, थोड्या शांपूने धुतलेला. नवीन आणला तेव्हा केस होते, पुढे ते गेल्यावर तो सैल पडला आणि मागचे पट्टे आवळावे लागले, हेही तिनेच सांगितलं. हे कुठल्याच स्केलमध्ये नव्हतं.

उपचार संपल्यावर काही महिन्यांनी, दीड इंच केस आल्यावर, ती विग न घालता पतपेढीत गेली. कॅशियरबाई म्हणाल्या, “अय्या, केस कापलेत? छान दिसतायत.” मावशी म्हणाली, “हो, उकडत होतं ना.” मला सांगताना ती हसत होती. हे उत्तर कोणत्या रकान्यात घालायचं, ते माझं अजून ठरत नाहीये.