गानहिरा आणि तिचा भगिनीपरिवार

आपण बृहन्महाराष्ट्रीय मंडळी आडनावातून गाव वाहून नेतो. घर सुटते, शेत सुटते, तीन पिढ्या कानडी मुलखात जातात, तरी दारावरच्या पाटीवर ते गाव टिकून राहते. आम्हा सप्तापूरकरांना याचे नवल नाही. परंतु हिराबाई बडोदेकर यांच्या बाबतीत हे गाव फार मोठी किंमत देऊन आलेले आहे.

हिराबाईंचा जन्म बडोद्याचा नव्हे, मिरजेचा. दिनांक ३० मे १९०५. बडोद्याचे सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई आणि तेथील दरबारचे गायक अब्दुल करीम खाँ यांनी विवाहासाठी बडोदे सोडले. पुढे हे दांपत्य विभक्त झाले. पाचही मुले ताराबाईंकडे राहिली व त्यांनी त्यांना नवी नावे दिली. चंपाकलीची हिराबाई झाली, सकीनेची सरस्वती, अब्दुल रहमानचा सुरेश. उत्पन्न नाही, पाठीशी दरबार नाही. घरात होते ते केवळ गाणे.

त्या काळी स्त्रीचे गाणे म्हणजे कोणा धनिकाच्या दिवाणखान्यातली बैठक. बिदागी देणारा यजमान गाण्यापुरताच यजमान राहत नसे, हे उघडपणे बोलले जात नसले तरी ठाऊक सर्वांस होते. हिराबाई १९२१ साली मुंबईत गांधर्व महाविद्यालयाच्या व्यासपीठावर प्रथम गायल्या आणि पुढे त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. स्त्रीने असे करणे त्या काळी अपूर्व होते. आज तिकिटाचे कोणास कौतुक वाटणार? पण जरा विचार केला म्हणजे त्यातले मर्म कळते. तिकीट घेणारा एका खुर्चीचा धनी असतो, गाणारणीचा नव्हे. रुपया देणारा आणि चार आणे देणारा यांच्यापुढे तेच गाणे होते, आणि गाणे संपले की देणेघेणे संपते. अंगभर पदर घेऊन, हातवारे न करता, तंबोऱ्यांच्या मध्ये त्या स्थिर बसत. घरंदाज बायका जलशांना येऊ लागल्या, त्यात या बसण्याचाही वाटा आहे, असे माझे मत आहे.

बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर महाराष्ट्र लुब्ध असताना १९२९ साली ताराबाईंनी नाटक मंडळी काढली आणि स्त्रियांची कामे स्त्रियांकडे दिली. हिराबाई व त्यांच्या बहिणी रंगभूमीवर उभ्या राहिल्या. नाटकधंद्याने कर्ज केले, ते हिराबाईंनी गाऊन फेडले. असो.

त्यांनी एकटीपुरती वाट काढली नाही. धाकट्या सरस्वतीबाई राणे यांच्यासह त्यांनी केलेली जुगलबंदी हा स्त्रियांच्या सहगायनाचा आरंभीचा नमुना मानला जातो. प्रभा अत्रे यांना सुरेशबाबूंनंतर हिराबाईंचीच तालीम मिळाली. विज्ञान आणि कायदा शिकलेल्या या शिष्येने आकाशवाणीवर काम केले, ग्रंथ लिहिले, बंदिशी बांधल्या आणि मुंबईच्या महिला विद्यापीठात संगीत विभागाचे प्रमुखपद सांभाळले. त्या २०२४ साली निवर्तल्या.

आता आपल्या गावाकडे वळू. ५ मार्च १९१३ रोजी धारवाडात जन्मलेल्या गंगूबाईंचे आडनावही एका गावाचेच, हनगल. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या. मुलीचा ओढा हिंदुस्थानी गाण्याकडे दिसताच त्यांनी हुबळीला बिऱ्हाड हलवले. अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व जवळच कुंदगोळला. गंगूबाई आगगाडीने शिकायला जात, तेव्हा रस्त्यावर 'गाणारीण' म्हणून त्यांची टवाळी होई. ही टवाळी करणारे आमच्याच नात्यागोत्यातले सुशिक्षित होते, हेही लिहिलेच पाहिजे. गंगूबाईंच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांवर 'गांधारी हनगल' असे नाव छापलेले असे. हिराबाई वयाने आठ वर्षांनी वडील आणि त्याच किराणा घराण्याच्या. दोघींचा स्नेह सर्वश्रुत आहे. गंगूबाई जाहीर मैफलीत बसू लागल्या, तेव्हा स्त्रीचे गाणे तिकीट काढून, मान देऊन ऐकणारा श्रोता हिराबाईंनी अगोदरच घडवला होता.

हिराबाईंना १९७० साली पद्मभूषण मिळाले, गंगूबाईंना पुढच्याच वर्षी. हिराबाई १९८९ साली गेल्या. गंगूबाई २००९ पर्यंत होत्या. आमच्या धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने त्यांना संगीताच्या मानद प्राध्यापक म्हणून बोलावले होते, आणि मैसूरच्या संगीत विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे, 'गांधारी' नव्हे, गंगूबाई हनगल.