मिलवुड्स: नावात उरलेली माणसं

एडमंटनच्या आग्नेयेचं आमचं मिलवुड्स 1970च्या दशकात वसलं. सरकारने जमीन आधीच घेऊन ठेवली होती, म्हणून घरं स्वस्त. वळणावळणाचे रस्ते, गुरुद्वारा, पंजाबी मिठाई. 2023पासून डाउनटाउनला थेट ट्रेन! उणे 30 मध्ये गाडीचं इंजिन रात्रभर प्लगला लावायचं, एवढीच कटकट.

इथल्या साकाव, एकोटा, तिपास्कन या भागांची नावं मात्र क्री भाषेतली. साकाव म्हणजे रान. यातली बरीचशी जमीन पापास्चेस क्री लोकांची राखीव जमीन होती. 1888 मध्ये तीन सह्यांवर ती सरकारजमा झाली. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वंशजांचे बहुतेक दावे मुदत टळली म्हणून फेटाळले. घर घेताना हे कुणी सांगत नाही. मुलं नावांचा अर्थ विचारतात, तेव्हा आपणच सांगायचं.