जीव मुळाशी असतो

सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रात सर्वांत आधी गाठले ते मणिबेली, नर्मदेच्या दक्षिण तीरावरचे अक्कलकुवा तालुक्यातले गाव. जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवावे, ही मागणी १९९४ मध्ये ‘मणिबेली जाहीरनामा’ म्हणून याच नावाने जगभर गेली. धरणापायी राज्याची सुमारे साडेसहा हजार हेक्टर वनजमीन गेली. विस्थापितांना वसवण्यासाठी तळोद्याचे आणखी ४,२०० हेक्टर जंगल मोकळे करावे लागले. गेलेल्या जंगलाच्या बदल्यात रोपे लावली जातात. पण ती जगतात का, हे पाण्याच्या हिशेबावर ठरते.

२०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला पोहोचला. तरीही वरच्या उतारावरच्या रोपाला त्याचा उपयोग नाही. सातपुड्याच्या मुरमाड उतारावर पाणी ठरत नाही. जून ते सप्टेंबरात जेवढे मुरेल त्यावर पुढचे आठ महिने काढायचे. त्यातच जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने खंड दिला, तर वीतभर मुळाच्या रोपाची तिथेच परीक्षा होते.

माती सुकू लागली की रोपात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते आणि पानांवरची सूक्ष्म रंध्रे मिटतात. पाणी वाचते, पण हवेतला कार्बन डायऑक्साइडही आत येईनासा होतो, म्हणजे अन्न तयार होणे मंदावते. मग वाढ थांबते, पाने गळतात आणि साठवलेले अन्न मुळांकडे वळते. ताण आणखी वाढला, तर पाणी वर नेणाऱ्या खोडातल्या नलिकांत हवेचे बुडबुडे शिरतात आणि पाण्याची सलग धार तुटते.

ब्रॉड्रिब आणि कोशार या संशोधकांनी २००९ मध्ये सूचिपर्णी रोपांवर दाखवले की, पुन्हा पाणी दिल्यावर रोप किती दिवसांत सावरेल, हे त्याची पाणी वाहण्याची क्षमता किती बिघडली यावर ठरते. युरोपातल्या रुंदपर्णी झाडांवरच्या २०१३ च्या अभ्यासात ज्यापुढे झाड सावरतच नाही ती मृत्युरेषा सुमारे ८८ टक्के क्षमता गमावण्यापाशी आढळली. त्याआधी पाऊस आला, तर पाने एक-दोन दिवसांत ताठ होतात. रंध्रे मात्र उशिरा, हात राखून उघडतात आणि अन्ननिर्मिती पूर्वपदावर यायला कधी आठवडे लागतात. निकामी नलिकांची भरपाई बऱ्याचदा नव्या लाकडानेच होते. म्हणून पावसानंतर टवटवीत दिसणारे रोप आतून अजून अशक्त असते. लगेच दुसरा खंड पडला, तर ते सहज दगावते.

सागाची तऱ्हा वेगळी. नैसर्गिक सागरोपाचा शेंडा उन्हाळ्यात, वणव्यात वर्षानुवर्षे वाळतो. खाली मूळ मात्र जाड होत राहते आणि पुरेसे बळ साठले की एका पावसाळ्यात कोंब सरळसोट उसळतो. रोपवाटिकेतली जडी याच गुणावर बेतलेली आहे. वर्षभराच्या रोपाचे खोड बोटभर ठेवून छाटायचे, वीतभर मूळ राखायचे आणि पावसाच्या तोंडावर लावायचे. खानदेशातल्या कोरड्या टेकड्यांवरचा अंजनही आधी मूळ खोल घालतो, मग वर वाढतो. पिशवीत जास्त दिवस राहून मूळ गुंडाळलेल्या रोपाला हे जमत नाही.

यातून रोपवाटिकेने आणि लागवड करणाऱ्यांनी घ्यायचे ते सरळ आहे. लागवडीआधी काही आठवडे पाणी हळूहळू कमी करून रोप कणखर करावे. उंचीपेक्षा मूळ आणि खोडाची जाडी पाहावी. उतारावर आडवे चर खणून पाणी अडवावे, गवत काढावे, आळ्यात पालापाचोळा अंथरावा. खंड पडल्यावर पाणी द्यायचेच, तर पाने गळण्याआधी, भरपूर आणि खोल द्यावे. रोज शिंपडलेले पाणी मुळांना वरच्या थरातच अडकवते. वाळलेला साग उपटण्याआधी बुंध्याशी नखाने साल खरवडून पाहावी. आत हिरवे असेल तर रोप जिवंत आहे.

२०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले होते. अशा उद्दिष्टांचा गाजावाजा जुलैत होतो. खरी मोजणी दुसरा उन्हाळा उलटल्यावर, गावकऱ्यांसमोर, जिवंत मुळांची व्हायला हवी. जंगलाच्या बदल्यात जंगल देऊ, असे ज्यांनी लिहून दिले, त्यांनी निदान एवढा हिशेब तरी चोख द्यावा.