दुरुस्ती आली, लावली का?

२७ जून २०१७ रोजी न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातील एक टर्मिनल संगणकी विषाणूने ठप्प झाले. युक्रेनमधून पसरलेला हा विषाणू विंडोजच्या फाइल देवाणघेवाणीतील भगदाडातूनही शिरत होता. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती.

मोठ्या कंपन्या अनेक सर्व्हर जोडतात. एक बिघडला तर दुसरा काम सांभाळतो. पण भगदाड सर्वांतच असेल तर? सांबा या फाइल-सर्व्हर प्रणालीच्या जोडणीत सर्वांवर एकच आवृत्ती लागते. म्हणून दुरुस्तीसाठी थोडा वेळ काम थांबवावेच लागते.

उमरेडच्या आमच्या कापड दुकानात संगणक एकच. नियम मात्र तोच: आधी हिशेबाची प्रत वेगळी काढावी, दुकान बंद झाल्यावर दुरुस्ती लावावी, सकाळी जुनी फाइल उघडून पाहावी. तासभर थांबणे परवडते. उधारीचा हिशेब गेला तर वसुली कशी करणार?