वादळ आणि किनारा (लेखांक ९) : निवळणारे पाणी आणि न फुटणारी पोफळ

या लेखांकात अरबी समुद्रातील आंग्रिया बँक या पाण्याखालील उंचवट्यावरील प्रवाळांचा विचार करण्याचे ठरले होते. परंतु कॅरिबियनमधील कोझुमेल बेटावरील मागील लेखांक वाचून महाडजवळच्या सव या गावातील एका वाचकाने विचारलेला प्रश्न इतका मूलभूत आहे की, त्याचे उत्तर दिल्यावाचून आंग्रिया बँकेकडे वळणे म्हणजे पाया न घालता माडी चढवणे ठरेल. प्रश्न दुहेरी आहे. ‘निसर्ग’ चक्रीवादळ २०२० मध्ये रायगड जिल्ह्यावर आले तेव्हा तेथील डायव्हिंगचे, म्हणजे श्वसनाची टाकी पाठीला बांधून पाण्याखाली उतरण्याच्या व्यवसायाचे, काय झाले? आणि समुद्रापासून आत, सावित्रीच्या काठी वसलेल्या गावांचा या साऱ्याशी काही संबंध पोहोचतो काय?

पहिल्या भागाचे उत्तर एका वाक्यात देता येते : फारसे काही झाले नाही, कारण रायगडच्या किनाऱ्यावर मालवणसारखा स्कुबाचा धंदा उभाच राहिलेला नाही. तो का राहिला नाही याच्या कारणांपैकी एक मोठे कारण मात्र प्रश्नकर्त्याच्या गावावरूनच वाहत जाते, आणि म्हणून प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा अधिक मोलाचा आहे.

सावित्री महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावते, पोलादपुराकडे उतरते आणि महाड, सव, दासगाव असे करीत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिच्या मुखाच्या उत्तरेस हरिहरेश्वर आणि दक्षिणेस रत्नागिरी जिल्ह्यातील बाणकोट. घाटमाथ्यावर पडणारा प्रचंड पाऊस थोड्याशा अंतरात समुद्रसपाटीला येत असल्यामुळे पोलादपूरपर्यंत नदीचा वेग विलक्षण असतो, पण महाडच्या आसपास तो एकाएकी मोडतो, कारण तेथवर भरतीचे पाणी चढत असते. जड दगडगोटे वर राहतात, वाळू मध्येच बसते आणि पिठासारखी बारीक माती पाण्यात तरंगत खाडीकडे जाते, तेथून ओहोटीबरोबर समुद्रात. ही बारीक माती लवकर तळाला बसत नाही, आणि बसली तरी पुढच्या लाटेने पुन्हा उठते. पाण्याखाली किती अंतरावरचे दिसते त्याला दृश्यता म्हणतात, आणि डायव्हिंगचा सारा व्यापार या एका मापावर चालतो. मागील लेखांकातील कोझुमेल बेटाचे भाग्य असे की ते चुनखडकाचे आहे, त्यावर पडलेले पाणी खडकातूनच झिरपून जाते आणि पृष्ठभागावर नदी म्हणावी अशी एकही नाही. तेथे वादळाने पाणी ढवळले तरी त्यात पुन्हा पुन्हा माती ओतणारे कोणी नसल्याने ते लवकर निवळते. हरिहरेश्वर-श्रीवर्धनच्या समुद्राजवळ सावित्री आहे, आणि पावसाळ्याचे चार महिने ती ओतत असते. कारण अर्थात एवढेच नाही. श्रीवर्धनजवळच्या दिवेआगरसमोर पसरलेली वाळू आहे, पाहण्याजोगा खडक नाही, तर मालवणसमोर खडक आहेत, त्यांवर प्रवाळ आहेत आणि १९८७ पासून त्या परिसराला सागरी अभयारण्याचा दर्जाही आहे. मालवणच्या तारकर्ली-देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, तरीही तेथे पाण्याखाली उतरणाऱ्यांचा हंगाम ऑक्टोबर ते मे चालतो, तो या खडकांच्या जोरावर.

वादळ पाण्याखाली किती खोल पोहोचते, हा मुद्दा येथेच उरकून घेणे सोयीचे. लाटेखालील पाणी पुढे धावत नाही, तर जागच्या जागी गोल फिरते, आणि हे फिरणे लाटेच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंत जाणवते. दोन लाटांच्या माथ्यांमध्ये सहा सेकंदांचे अंतर असेल, तर खोल समुद्रात लाटेची लांबी सुमारे ५६ मीटर भरते आणि तिचा हात २८ मीटरपर्यंत जातो. तेच अंतर दहा सेकंदांचे झाले की लांबी १५६ मीटर आणि पोहोच ७८ मीटर. वादळातून निघणाऱ्या लाटा या दुसऱ्या जातीच्या असतात, आणि वादळ शेकडो किलोमीटर दूर असले तरी त्या येऊन धडकतात. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या की लार्गोजवळ २००२ मध्ये डायव्हिंगसाठी मुद्दाम बुडवलेले ‘स्पीगल ग्रोव्ह’ हे ५१० फूट लांबीचे जुने नौदली जहाज बुडवतानाच कलले होते आणि कुशीवर पडून राहिले होते. जुलै २००५ मध्ये ‘डेनिस’ हे चक्रीवादळ दूरवरून निघून गेले आणि त्यानंतर उतरलेल्या पाणबुड्यांना ते जहाज चक्क सरळ उभे राहिलेले आढळले. असे उपकार वादळे क्वचितच करतात.

जमैकाच्या डिस्कव्हरी बे येथील प्रवाळांवर १९८० च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ‘ॲलन’ या चक्रीवादळाने जे केले ते नेहमीचे चित्र आहे. सांबराच्या शिंगांसारखी फांद्याफांद्यांची प्रवाळे तेथे मोडून पडली, तर गोलाकार, दगडासारखी भरीव प्रवाळे बहुतांशी टिकली. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, फांदीच्या प्रवाळाचा तुटलेला तुकडा हा मेलेलाच असतो असे नाही. स्थिर जागी पडला तर तो खडकाला पुन्हा चिकटतो आणि त्याची नवी वसाहत वाढू लागते. जमैकात तसे फारसे घडले नाही, कारण वादळातून वाचलेले तुकडेही पुढील महिन्यांत मरत राहिले. तरीही मोडण्यातून पुन्हा फुटण्याची क्षमता या जिवाच्या रचनेतच आहे. ही रचना आणि पुढे येणारी पोफळीची रचना यांची तुलना हाच या लेखांकाचा खरा विषय आहे.

‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने सुचवलेले. ३ जून २०२०, बुधवारी दुपारी साडेबारा ते अडीच या वेळेत त्याचे केंद्र अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून आत शिरले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर आणि झोतांचा १३० पर्यंत असल्याची हवामान खात्याची नोंद आहे. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. त्यामुळे वादळ ज्या दिशेने चालते तिच्या उजव्या बाजूस वाऱ्याचा वेग आणि वादळाचा स्वतःचा वेग यांची बेरीज होते, डाव्या बाजूस वजाबाकी. हे वादळ ईशान्येकडे सरकत होते, म्हणजे त्याची उजवी बाजू आग्नेयेकडे येते, आणि त्या बाजूला श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव, महाड हे तालुके आणि त्यांच्यापलीकडे मंडणगड, दापोली पडतात. समुद्र दिसत नाही म्हणून वादळही येत नाही, ही आतल्या गावांची समजूत त्या दुपारी उडालेल्या कौलांबरोबर आणि पत्र्यांबरोबर गेली.

सव येथील गरम पाण्याच्या झऱ्यांवर वादळाचा परिणाम होतो काय, असेही त्याच वाचकाने ओझरते विचारले आहे. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तेथील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. या प्रवासाला लागणारा काळ मोठा असल्याने एका दुपारचा वारा त्या उष्णतेला स्पर्शही करू शकत नाही. झऱ्यांना धोका आहे तो नदीच्या पुराचा; त्याकडे पुढे येऊ.

आता पुन्हा किनाऱ्याकडे. दिवेआगरला वादळाने मोडले ते पाणी नव्हे, सावली. तेथे येणारा मुंबई-पुण्याचा पाहुणा समुद्र पाहायला येतो असे म्हटले जाते, पण समुद्रावर तो सकाळ-संध्याकाळ तास-दोन तास असतो. उरलेला दिवस तो वाडीत काढतो. वाडी किंवा आगर म्हणजे घराच्या मागे-पुढे लावलेली माड-पोफळींची दाट बाग, जिच्यातून पाटाचे पाणी खेळते, पोफळींवर मिरीचे वेल चढलेले असतात, मधूनमधून जायफळ आणि केळी असतात, आणि भर मे महिन्यातही जमिनीवर उन्हाचे फक्त कवडसे पडतात. दिवेआगरच्या नावातच आगर आहे. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी तेथील एका वाडीत खणताना सोन्याचा गणेशमुखवटा सापडला, ‘सुवर्णगणेश’ म्हणून तो प्रसिद्ध झाला आणि गावाकडे पर्यटकांची रीघ लागली. २४ मार्च २०१२ रोजी दरोडा पडून तो चोरीला गेला, तेव्हा पर्यटन बसणार अशी भीती होती. ते बसले नाही, कारण पाहुण्यांना तोवर घरगुती जेवणाची आणि वाडीतल्या खोल्यांची सवय झाली होती. थोडक्यात, कोझुमेलच्या हॉटेलवाल्याचे भांडवल जसे प्रवाळाच्या भिंतीत असते, तसे येथील घरमालकाचे भांडवल झाडांच्या छपरात असते, आणि बँकेच्या कागदावर ते कोठेच दिसत नाही.

पोफळ हा ताडवर्गीय वृक्ष आहे. त्याला एकच वाढीचा कोंब असतो आणि तो अगदी शेंड्याला, झावळ्यांच्या मुळाशी. आंबा मोडला तर बुंध्यातून धुमारे येतात, फणस तोडला तरी फुटतो. पोफळीचा शेंडा मोडला की उरलेला सरळसोट खांब कितीही हिरवा दिसो, त्याला फांदी फुटत नाही आणि तो हळूहळू वाळतो. मनगटाहून थोडे जाड खोड आणि चार-पाच मजल्यांची उंची असा हा वृक्ष, त्यात दाट लावलेला. म्हणून एक पोफळ पडताना शेजारच्या दोघी-तिघींना घेऊन जाते आणि माड पडला तर रांगच्या रांग. नवीन रोप लावावे तर पोफळीचे कोवळे रोप उन्हाला भाजते, त्याला जुन्या झाडांची सावली हवी असते, आणि गेलेली वस्तू नेमकी तीच. म्हणून आधी केळी लावायच्या, त्यांच्या आडोशाला पोफळी, आणि सुपारीच्या पहिल्या शिपुटासाठी पाच ते सात वर्षे थांबायचे. श्रीवर्धनची जी रोठा सुपारी नावाजलेली आहे तिची बाग पूर्ण भरात यायला त्याहूनही अधिक. मोडलेल्या प्रवाळाच्या तुकड्याला निदान एक संधी असते. पोफळीला ती नाही.

शासनाने बागायतीच्या नुकसानीची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केली, आणि ही वाढ कागदावर मोठी होती. परंतु किनाऱ्यावरील वाड्या हेक्टरांत मोजल्या जात नाहीत, गुंठ्यांत मोजल्या जातात. हेक्टरात साधारण शंभर गुंठे धरले तर गुंठ्याला ५०० रुपये पडतात, दहा गुंठ्यांच्या वाडीला ५ हजार; तेवढ्यात आडवे पडलेले माड कापून बाहेर काढण्याची मजुरी निघणेही कठीण. नुकसान झाडावर मोजावे ही बागायतदारांची मागणी म्हणूनच रास्त होती, आणि वृक्षाचे वय न विचारता केवळ क्षेत्र विचारणारी कोणतीही भरपाई अशा बागेच्या बाबतीत अपुरीच ठरणार.

काळाचा फेराही येथे उलटा आहे. कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर असतो, तो सरला की कोरडे महिने लागतात आणि पाहुणे डिसेंबरपासून येतात. तुटलेले छप्पर घालायला मध्ये उसंत मिळते. अरबी समुद्रातील वादळे प्रामुख्याने पावसाळ्याच्या दोन तोंडांना येतात, मे-जूनला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला. ‘निसर्ग’ आले आणि आठवडा-दीड आठवड्यात मोसमी पाऊस आला. कौले मिळेनात, पत्रे मिळेनात, वीज कित्येक गावांत अनेक आठवडे नव्हती, आणि वर कोरोनाची टाळेबंदी. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या मध्यात ‘तौक्ते’ सिंधुदुर्गासमोरून उत्तरेकडे गेले, तेव्हाही निर्बंधांमुळे मालवणचा पर्यटन हंगाम आधीच बुडालेला होता. त्यामुळे या दोन वादळांनी पर्यटनाचे नेमके किती नुकसान केले हे वेगळे काढून सांगणाऱ्या आकड्यांवर विश्वास ठेवताना सावध राहिले पाहिजे. साथीचे नुकसान आणि वादळाचे नुकसान त्यांत एकत्र मिसळलेले आहे.

राहिला नदीचा पूर. २२ जुलै २०२१ रोजी महाड बुडाले, त्याच दिवशी तळीये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी आल्या आणि महाबळेश्वराकडे जाणारा आंबेनळी घाट बंद पडला. महाबळेश्वरला त्या २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता. ते चक्रीवादळ नव्हते, मोसमी पाऊस होता. तेव्हा महाड-पोलादपूरच्या पर्यटनाचा, म्हणजे रायगड किल्ला, शिवथरघळ, गांधारपाले लेणी आणि सवचे झरे यांचा, खरा शत्रू वारा नसून पाणी आहे असेच म्हणावे लागते. किनाऱ्याने ज्या वर्षी छप्पर गमावले त्याच्या पुढच्याच वर्षी आतल्या भागाने जमीन गमावली, आणि तेथून सुटलेली माती सावित्रीने नेहमीच्या वाटेने बाणकोटला पोहोचवली.

आंग्रिया बँक विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर आहे, आणि तेथवर सावित्रीचीच काय, कोकणातल्या कोणत्याही नदीची माती पोहोचत नाही. तिचा विचार आता पुढील आठवड्यात. तोवर सव, दासगाव आणि बाणकोट या टापूतील वाचकांना एक विनंती : जुन्या घरांच्या भिंतींवर किंवा देवळांच्या पायऱ्यांवर पुराच्या पाण्याची तारीखवार खूण कोणी करून ठेवली असेल, तर तिची उंची फुटपट्टीने मोजून कळवावी.