बोअरमधल्या स्टेज आणि उन्हातली माळ

धाराशिव तालुक्यातल्या बेंबळी परिसरात पाणी खोल आणि ऊन मुबलक. अशा भागासाठी 2024 साली राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आली. अडीच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला 3 एचपीचा पंप मिळतो. सर्वसाधारण गटातल्या लाभार्थ्याला खर्चाचा 10 टक्के वाटा भरावा लागतो. पंप बसला की थोड्या दिवसांत एक प्रश्न पडतो. बांधावरच्या बाभळीची सावली एकाच पॅनेलवर पडली, तरी त्याची झळ साऱ्या पंपाला का बसते?

उत्तर पॅनेलच्या जोडणीत आहे. पुस्तकात तिला एकसर जोडणी म्हणतात, वायरमन ‘सिरीज’ म्हणतो.

ती समजायला बोअरमध्येच डोकावू. सबमर्सिबल पंपात एकावर एक स्टेज बसवलेल्या असतात. एका स्टेजने पाणी 8 मीटर चढवलं, तर 10 स्टेज 80 मीटर चढवतात. पण पाणी तेवढंच राहतं, कारण खालच्या स्टेजमधून निघालेलं पाणीच वरच्या स्टेजमध्ये जातं. हेड वाढतं, डिस्चार्ज तोच.

वर उन्हातही हेच चालू असतं. सिलिकॉनचा एक सेल जेमतेम अर्धा व्होल्ट देतो. असे 72 सेल एकापुढे एक जोडले की पॅनेलचे सुमारे 37 व्होल्ट होतात आणि 10 पॅनेलची माळ जोडली की 370. करंट मात्र पहिल्या सेलपासून शेवटच्यापर्यंत एकच, सुमारे 8 अँपिअर. इटलीच्या व्होल्टाने 1800 साली धातूच्या चकत्यांची चळत रचून पहिली बॅटरी केली, तीही याच तत्त्वावर.

एवढा दाब, म्हणजे एवढे व्होल्ट, कशासाठी? 3 एचपीच्या पंपाला साधारण 3,000 वॅट लागतात. ते 37 व्होल्टवर न्यायचे तर तारेतून 80 अँपिअर वाहावे लागतील; 370 व्होल्टवर 8 पुरतात. तारेतली तूट करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून त्याच तारेत 80 अँपिअरला तूट शंभरपट होईल.

या फायद्याबरोबर एक अडचणही येते. सेलमधून किती करंट निघणार, हे त्यावर पडणारा उजेड ठरवतो. एका सेलवर सावली आली की तो पूर्ण 8 अँपिअर पुढे जाऊ देत नाही आणि वाट एकच असल्याने साऱ्या माळेचा करंट घटतो. मागचा दाब त्या सेलवर येतो आणि तो तापून करपू शकतो.

यावर उपाय म्हणून पॅनेलच्या मागच्या डबीत बहुधा तीन बायपास डायोड असतात. प्रत्येक डायोड 24 सेलच्या गटाला बाजूने वाट काढून देतो, जसं तुंबलेल्या पाटाला बगल देऊन पाणी पुढे काढावं. मग एका सेलवरच्या सावलीने माळेचा साधारण तिसावा हिस्सा जातो, बाकीचे गट चालत राहतात.

पण 72 सेलचं पॅनेल उभं बसवलेलं असेल, तर खालच्या ओळीत तिन्ही गटांचे सेल असतात. त्या कडेवर वीतभर गवत वाढलं किंवा धुळीचा थर साचला, तर तिन्ही गट एकदम अडतात आणि जवळजवळ सगळं पॅनेल हातचं जातं. मधल्या एका सेलवर बसलेल्या पक्ष्याच्या विष्ठेपेक्षा खालच्या कडेचं गवत अधिक महागात पडतं.

एक गोष्ट जिवाची. सुटं पॅनेल 37 व्होल्टचं असलं, तरी माळेच्या दोन टोकांमध्ये 370 व्होल्टचा डीसी दाब असतो. पंप बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलकडच्या तारा जिवंतच राहतात. पंप चालू असताना जोड ओढला तर डीसीची ठिणगी लवकर विझत नाही. जोडाला हात प्रशिक्षित माणसानेच लावावा. पॅनेल पुसायचे ते सकाळी, काच थंड असताना.

आणि पुसायला गेलात की विळाही सोबत न्या. खालच्या कडेचं गवत आधी कापा, मग काच पुसा.